यंत्राचा दाखला

घरची वाटणी असो, सदनिकेचा वारसाहक्क असो किंवा सोसायटीशीं चाललेला वाद असो, वकिलाची पायरी चढण्यापूर्वीं कृत्रिम बुद्धिमत्तेस प्रश्न विचारण्याची रीत आतां सुशिक्षित घरांतून रूढ होत चालली आहे. आमच्या नवी मुंबईंत सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या घरांमुळें असे प्रश्न पुष्कळच उद्भवतात. घरांतील एखादे हुशार चिरंजीव नोटिशीचें उत्तर घटकाभरांत मोबाइलवर तयार करून देतात. भाषा डौलदार, कलमें जागच्या जागीं आणि खालीं उच्च न्यायालयाचे दोन-तीन दाखले. वडील मंडळी संतुष्ट होतात. त्या संतोषाविषयींच आज दोन शब्द लिहावयाचे आहेत.

हें यंत्र निरुपयोगी आहे, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं ‘सुवास’ ही भाषांतराची योजना सुरू केली आणि तिच्या साह्यानें इंग्रजी निवाडे मराठींत येऊं लागले. २१ फेब्रुवारी २०२३ रोजीं महाराष्ट्रांतील सत्तासंघर्षाच्या सुनावणींत वकिलांचें बोलणें यंत्रानें तेथल्या तेथें उतरवून घेतलें. त्या न्यायालयांत तो पहिलाच प्रयोग होता. लेखनिकाचें काम यंत्रानें केलें तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. लेखनिकालाच साक्षीदार मानलें म्हणजे अनर्थ होतो.

६ ऑक्टोबर २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें प्राप्तिकराचा एक आकारणी-आदेश रद्द केला. एका कंपनीनें सुमारें ३ कोटी रुपये उत्पन्न दाखविलें होतें. खात्यानें तें सुमारें २८ कोटी ठरविलें आणि आधारास जे तीन निवाडे दिले, ते मुळीं अस्तित्वांतच नव्हते! न्या. कुलाबावाला व न्या. जमसंडेकर यांनीं बजावलें कीं, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या युगांत यंत्राच्या उत्तरांवर भिस्त ठेवण्याकडे कल असतो. परंतु न्यायनिर्णयाचें काम करणारानें तीं पडताळल्यावांचून स्वीकारूं नयेत. ती कंपनी उच्च न्यायालयापर्यंत जाऊं शकली. सामान्य गृहस्थ मात्र आपणांस आलेल्या नोटिशींतील खोटा दाखला खरा मानून हक्क सोडून देईल, ही आमची खरी चिंता आहे.

न्यूयॉर्क येथें २०२३ सालीं वकिलांनीं असेच सहा बनावट निवाडे न्यायालयापुढें ठेविले. विशेष हें कीं, ‘हे खरे आहेत काय?’ असें त्यांतील एकानें त्या यंत्रासच विचारलें होतें व यंत्रानें होकार दिला होता! चोरासच पंच नेमण्याचा हा प्रकार ५,००० डॉलर दंडावर निभावला.

असें कां व्हावें? यंत्र वाक्यें रचतें तीं पूर्वीं वाचलेल्या असंख्य लेखांच्या वळणावरून. निवाड्याचें वळण त्यास पाठ असतें: अमुक विरुद्ध तमुक, वर्ष, पृष्ठांक. त्या वळणावर नवें नांव तें सहज घडवितें. तसा खटला खरोखर झाला कीं नाहीं, याची चौकशी त्या रचनेंत आपोआप होत नाहीं.

आपल्या न्यायशास्त्रानें शब्दास प्रमाण मानलें आहे, पण तो शब्द आप्ताचा असला पाहिजे. म्हणजे विषय जाणणाऱ्याचा, आणि जाणलें तसेंच सांगूं इच्छिणाऱ्याचा. यंत्र लबाड नव्हे, कारण फसविण्याची इच्छा त्यास नाहीं. तें आप्तहि नव्हे, कारण खरें सांगण्याची जबाबदारी त्याजवर नाहीं. ती सही करणाऱ्यावर असते. शिवाय, वकिलास सांगितलेल्या गुपितास कायद्याचें संरक्षण आहे. यंत्रापुढें मांडलेल्या घरच्या भांडणास तसें असेल, असें कोणीं गृहीत धरूं नये.

तेव्हां चिरंजीवांनीं मसुदा खुशाल करावा, पण वडिलांनीं दोन गोष्टी अवश्य विचाराव्या. पहिली, कलम आज लागू आहे काय? १८६० चा दंडविधान कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलांत आली आहे. जुन्या ग्रंथांवर पोसलेलें यंत्र जुनेंच कलम सांगण्याचा संभव आहे. दुसरी, मूळ निवाडा कोठें आहे? सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे निवाडे त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य वाचावयास मिळतात. तेथें किंवा वकिलाच्या ग्रंथालयांत सांपडला, तर संबंध वाचावा. न सांपडला, तर ती ओळ खोडावी. न्यायालयांत आजचा निर्णय कालच्या निर्णयाच्या आधारावर उभा राहतो. त्या पायांत आपल्या घरून खोटा दगड जाऊं नये, एवढी दक्षता प्रत्येक कुटुंबास घेतां येईल.