दोन जखमी तरुण आणि आपल्या घराचा उंबरठा



आपल्या हिंगोली जिल्ह्यातील दोन तरुण क्षणभर डोळ्यांपुढे आणा. एक सेनगावकडचा, दुसरा वसमतकडचा. पहिल्याला गावाने जातीवरून डिवचले आणि शाळासोबत्यांनी ‘बायल्या’ म्हणून हिणविले. दुसऱ्याने आपले मन थोरल्या भावाजवळ उघडे केले, तेव्हा त्याला मार मिळाला व लगोलग मुलगी पाहण्याची तयारी सुरू झाली. पोटापाण्यासाठी दोघेही पुण्याकडच्या कारखान्यात गेले आणि एका खोलीत राहू लागले. एक तापाने फणफणला, तेव्हा दुसऱ्याने रात्रपाळी बुडवून त्याच्या उशाशी रात्र काढली. मनुष्य म्हणून आपली किंमत आहे, हे त्या दोघांना प्रथमच एकमेकांच्या डोळ्यांत दिसले. यालाच प्रेम म्हणतात.

हे चित्र कल्पनेतले आहे. परंतु असे तरुण कल्पनेतले नाहीत. म्हणून आमचा प्रश्न त्यांना नसून तुम्हांला आहे. येत्या १४ एप्रिलला हे दोघे गावी आले, तर त्यांच्यासाठी शेजारी शेजारी दोन ताटे तुम्ही मांडाल काय?

कित्येक म्हणतील, “हा विषय आपल्या घरात बोलण्याजोगा नव्हे.” त्यांनी एक इतिहास ध्यानी घ्यावा. रघुनाथ धोंडो कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत. त्यांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडण्यास उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर! लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. परंतु ज्या विषयास बाबासाहेब भर न्यायालयात लाजले नाहीत, त्यास आपण आपल्या ओसरीवर का लाजावे?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी संवैधानिक नीतिमत्तेचा विचार मांडला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दोन सज्ञान व्यक्तींचा राजीखुशीचा समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा निर्णय दिला, तेव्हा त्याच विचाराचा आधार घेतला. बहुसंख्यांची नावड ही कायद्याची कसोटी होऊ शकत नाही, हे त्याचे सार होय. बहुसंख्यांच्या नावडीचे चटके ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसले, त्यांना हे समजावून का सांगावे लागावे?

“ही शहरी थेरं आहेत,” असेही कोणी म्हणेल. आपल्या शेजारच्या यवतमाळात डिसेंबर २०१७ मध्ये तेथील एका अभियंत्याने आपल्या पुरुष सहचरासमवेत विवाहसोहळा केला. अशा विवाहास कायद्याची मान्यता आजही नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती देण्याचे नाकारले. तथापि एकत्र राहण्यास आता कायद्याची आडकाठी उरलेली नाही. संयुक्त बँक खाते उघडता येते व त्यात सहचराचे नाव नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) म्हणून नोंदविता येते, असा खुलासाही केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये केला आहे. तेव्हा या दोघांची वाट अडवितो तो प्रामुख्याने घरचा उंबरठा.

मातापित्यांनो, दोन चुका कटाक्षाने टाळा. पहिली, उपचाराच्या नावाखाली मुलाला देवऋष्याकडे वा भोंदू वैद्याकडे नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० सालीच वगळली. असे मन ‘बदलून’ देण्याचा उद्योग करणारा डॉक्टर व्यावसायिक गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये बजावले आहे. दुसरी, बळजबरीने त्याचे लग्न लावू नका. त्यात तुमचा मुलगा तर खचेलच. परंतु परक्या घरची एक निरपराध मुलगीही जन्मभर होरपळेल. आपली अब्रू राखण्यासाठी दुसऱ्याच्या लेकीचा बळी देणे, हा कोठला न्याय?

“आधीच गाव आपल्याला नावे ठेवते, त्यात ही भर कशाला?” ही भीती खोटी नाही. परंतु गाव काय म्हणेल हे पाहून आपण दीक्षा घेतली असती, तर आज कोठे असतो? एक कलंक फेकून देणाऱ्या हातांनी दुसरा कलंक पोटच्या पोरावर लादू नये.

त्या दोन जखमी तरुणांनी एकमेकांच्या जखमा धुतल्या आहेत. त्या पुन्हा न उकलणे एवढेच तुमच्याकडे मागणे आहे. ते दारात येतील तेव्हा प्रश्नांची सरबत्ती नको. हातपाय धुवायला पाणी द्या, आणि दोन ताटे वाढा.