खाली कोण उभं आहे?

हंपीला, बदामीला, मुंब्र्याला किंवा आपल्या गावामागच्या टेकडीवरच्या धोंड्यांवर दोराशिवाय चढायला, म्हणजे बोल्डरिंग करायला निघालेल्या सगळ्या मित्रमैत्रिणींना हे कळकळीचं आवाहन आहे.

पाऊस सरला, कातळ वाळला. सकाळच्या गार हवेत बोटं दगडाला छान चिकटतात, त्यामुळे आता मार्चपर्यंत दर शनिवार-रविवारी कोणी ना कोणी निघणारच. बेत शिजायला लागले आहेत. गाडीत किती जण बसतील, क्रॅशपॅड (खाली टाकायच्या गाद्या) कोणाकडे आहेत, कोणता प्रॉब्लेम (दगडावरची चढाई) कोणाला सोडवायचा आहे, सगळ्याची चर्चा होते. चढणारा खाली आला तर त्याच्यासाठी कोण उभं राहणार, हे मात्र फार थोड्या गटांत ठरतं. जो उभा राहणार आहे त्याला ते काम येतं का, हे तर जवळजवळ कोणीच विचारत नाही. निघण्याआधी हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर 'नाही' असेल तर आधी शिका, मग निघा. एवढंच मागणं आहे.

घाईने लिहितो आहे त्याला कारण आहे. 2016 मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची जागतिक चषक स्पर्धा झाली, टोकियोपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, आणि मुंबई-पुणे-बंगळुरूत कृत्रिम भिंती उभ्या राहिल्या. या भिंतींवर तयार झालेली मुलंमुली फार चांगली चढतात. आमच्या पिढीला जे चार-चार वर्षं जमलं नाही, ते ही मुलं वर्षभरात करतात. त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण ही मुलं भिंतीवरून थेट रानातल्या दगडावर येतात आणि तिथे एक गोष्ट त्यांच्या गाठीशी नसते. या भिंतींच्या जिममध्ये खाली जाडजूड फोम असतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट, मध्ये फट नाही. पडणाऱ्याला तिथे जमीनच सांभाळते. उलट चढणाऱ्याच्या खाली उभं राहू नका, असाच तिथला नियम असतो, आणि तिथे तो बरोबरही आहे. म्हणजे जे शेकडो वेळा पडले आहेत, त्यांनी दुसऱ्याला पडताना सांभाळलेलं नसतं. रानात नेमकं तेच काम लागतं.

दोर लावून चढणाऱ्यांकडे बघा. गिरिविहारसारख्या 1954 पासूनच्या संस्थांनी सह्याद्रीत प्रस्तरारोहणाची जी रीत घालून दिली, तिच्यात बिले देणाऱ्याने, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याने, तोंडाने उत्तर दिल्याशिवाय पहिला पाय उचलत नाहीत. वरचा विचारतो, खालचा सांगतो, मगच चढाई सुरू होते. सुळका कितीही सोपा असो, हा संवाद कोणी गाळत नाही. बोल्डरिंगमध्ये दोर नाही, म्हणून बिलेवालाही गेला आणि त्याच्याबरोबर तो संवादही गेला. 'दगड तर एवढासा आहे' या समजुतीने तो गेला.

एवढासा म्हणजे किती? तीन मीटरवरून माणूस सुटला तर जमिनीवर यायला त्याला एक सेकंदही लागत नाही, आणि टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर असतो. सहा मीटरवर हाच वेग एकोणचाळीसच्या घरात जातो. हंपीत सहा मीटरचे धोंडे पैशाला पासरी आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी सपाट जमीन क्वचितच मिळते. तिथे आणखी दगड असतात, मुळं असतात, उतार असतो.

हंपीजवळच्या सानापूर तलावापाशी एका संध्याकाळी मी पाहिलेली गोष्ट सांगतो. चढणारा मुलगा कसलेला होता. दगडाच्या माथ्यावर येताना, सगळं अवघड संपल्यावर, त्याचा पाय सरकला. खाली तिघे होते. एक व्हिडिओ घेत होता, एक पाणी पीत होता आणि तिसरा हात अर्धवट वर करून चढणाऱ्याच्या बोटांकडे बघत होता. दोन पॅड शेजारी शेजारी टाकलेले होते, मध्ये वीतभर फट. मुलाची टाच बरोबर त्या फटीत गेली आणि घोटा मोडला. गाडीरस्त्यापर्यंत धोंड्यांमधून, अंधारात, दोन हेडटॉर्चच्या उजेडात त्याला उचलून आणावं लागलं. ते तिघे त्याचे जिवलग मित्र होते, त्याच्यासाठी काहीही करायला तयार होते. नेमकं काय करायचं, हे त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नव्हतं.

म्हणून इथे सविस्तर सांगतो. खाली उभा राहून सांभाळणारा तो स्पॉटर. स्पॉटरने झेलायचं नसतं. साठ-सत्तर किलोचं शरीर त्या वेगाने आलं तर ते कोणाला झेलता येत नाही. पडणाऱ्याचं डोकं आणि पाठ वाचवायची, त्याला पायांवर उतरवायचं आणि पॅडकडे वळवायचं, हे त्याचं काम. पाय खांद्याइतके फाकवून, एक जरासा पुढे टाकून, गुडघे सैल ठेवून उभं राहायचं. हात वर, कोपरं किंचित वाकलेली. बोटं जुळलेली आणि अंगठा त्यांच्या बाजूला चिकटवलेला, कारण बाहेर राहिलेला अंगठा पहिला मोडतो. अंगठी आणि घड्याळ आधीच काढून ठेवायचं. सगळ्यात महत्त्वाचं, नजर चढणाऱ्याच्या कमरेवर ठेवायची. बोटांकडे बघण्याचा मोह फार होतो, कारण खेळ तिथे चाललेला असतो; पण शरीर कुठे पडणार हे कंबर सांगते. तो सुटला की कमरेला किंवा काखेखाली बरगड्यांच्या बाजूला हात लावून त्याला सरळ करायचं. ओव्हरहँगवर, म्हणजे बाहेर झुकलेल्या कातळावर, माणूस पाठीवर पडतो, तिथे हात आणखी वर, त्याच्या खांद्यांच्या खाली हवेत. दोघे स्पॉट करत असाल तर खांदे कोणाचे आणि कंबर कोणाची, हे आधी बोलून घ्या.

दगड फार उंच असेल तर खरं बोला. पाच-सहा मीटरवरून येणाऱ्याला वळवताना स्पॉटरचीच मान मोडू शकते. तिथे पॅड जास्त लागतात, आणि ते नसतील तर तो दगड त्या दिवशी सोडून द्यायचा. दगड पळून जात नाही.

पॅडची निगा स्पॉटरकडेच असते. चढणारा आडवा सरकला की पॅडही सरकला पाहिजे. दोन पॅडमधल्या फटीवर पातळ पॅड किंवा जाड सतरंजी टाका. पॅडवर बूट, बाटल्या, मोबाईल काही नको, आणि तिथे बसून गप्पा मारणारे तर नकोतच. एखादा टोकदार दगड उघडा राहत असेल तर सगळ्यात चांगला पॅड तिथे जाऊ द्या, मग तो कोणाचाही असो.

चढणाऱ्यालाही पडायला शिकावं लागतं. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, मग मागे लोळण, हात छातीशी. मागे हात टेकवून स्वतःला सावरायला जाल तर मनगट जाईल, नाहीतर कोपर. आणि वर जाण्याआधी उतरायची वाट बघून ठेवा. माथ्यावर पोचल्यावर 'आता खाली कसं यायचं' हा विचार सुरू झाला की माणूस थकल्या अंगाने उडी मारतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, त्या कमी महत्त्वाच्या आहेत म्हणून नव्हे. होल्डवर, म्हणजे हाताच्या किंवा पायाच्या आधारावर, जोर देण्याआधी बुक्कीने ठोकून बघा. पोकळ खपलीचा आवाज लगेच वेगळा येतो. बदामीचा वालुकाश्म पावसाने भिजला की ठिसूळ होतो, वरून कोरडा दिसला तरी एक-दोन दिवस थांबा, नाहीतर होल्ड तुटून तुम्हीही पडाल आणि तो मार्गही कायमचा बिघडेल. सह्याद्रीचा बेसॉल्ट तर पावसाळ्यानंतर पहिले काही आठवडे संशयानेच हाताळायचा. ओव्हरहँगखाली शिरण्याआधी वर मान करून आग्या मोहोळ आहे का ते बघा. असेल तर आवाज नको, धूर नको, अंगावर अत्तर-डिओ नको, आणि तो दगड नको. माशा उठल्याच तर हातवारे न करता तोंड झाकून पळा, आणि चावलेल्या कोणाला श्वास लागत असेल तर पॅड-बिड तिथेच टाकून त्याला दवाखान्यात न्या. हंपीच्या टेकड्यांत अस्वल आणि बिबट्या दोन्ही आहेत, अंधार पडायच्या आत दगडांतून बाहेर या. देवळाच्या, स्मारकाच्या कोणत्याही दगडावर चढायचं नाही. आनेगुंदीच्या परिसरात प्रागैतिहासिक चित्रं असलेले कातळ आहेत, त्यांना चॉकचा हातही लागता कामा नये. भाताच्या बांधावरून जाताना शेतकऱ्याला विचारून जा.

आणि अपघात झालाच तर? मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला, किंवा शुद्ध हरपलेल्याला, बसवू नका, ओढू नका. डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि 112 किंवा 108 ला फोन करा. फोन लागेल अशी जागा कुठे आहे, हे सकाळी पोचल्यावरच बघून ठेवलेलं असावं. जवळचं मोठं रुग्णालय कोणत्या गावात आहे, हेही. हंपीच्या बाजूला गेलात तर गंगावती किंवा होस्पेट. ही दोन नावं गटातल्या सगळ्यांना माहीत हवीत, फक्त बेत आखणाऱ्याला नव्हे, कारण पडणारा तोही असू शकतो.

आता काही मागण्या.

भिंती चालवणाऱ्यांनो, तुमच्याकडून निघणारी मुलं उद्या रानात जाणार आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. महिन्यातून एक संध्याकाळ स्पॉटिंगला द्या. कमी उंचीवरून मुद्दाम पडायचं, दुसऱ्याने वळवायचं, मग जागा बदलायच्या. हे तासाभराचं काम आहे.

जुन्या संस्थांनो, नव्या मुलांना 'जिमवाले' म्हणून बाजूला ठेवू नका. तुमच्याकडे जी शिस्त आहे ती त्यांना मिळालेली नाही आणि ती मिळवायला ही मुलं कुठे जाणार? रविवारच्या सरावाला त्यांना बोलवा. ती येतील.

व्हिडिओ टाकणाऱ्यांनो, चढाई दाखवता तेव्हा खालची माणसं आणि पॅडही चौकटीत येऊ द्या. बघणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला तो धोंडा नुसत्या बोटांच्या जोरावर चढला जातो असं वाटू नये. आणि स्पॉटर कमी असतील तर कॅमेरा दगडावर टेकवून ठेवा, हात मोकळे करा.

आईवडिलांनो, मुलांना अडवू नका. दगडावर चढण्याचा आनंद फार मोठा आहे, आणि मित्रांसोबत घालवलेला तो दिवस पुढे कित्येक वर्षं पुरतो. 'कोणाबरोबर चाललास' हे तुम्ही विचारताच, त्याच्यापुढे 'तुमच्यापैकी स्पॉटिंग कोणाला येतं' हेही विचारा.

आणि चढणाऱ्यांनो, शेवटचं तुमच्यासाठी. या हंगामात एक सवय लावून घ्या. दगडाला हात लावला की मागे न बघता मोठ्याने विचारा, 'आहेस ना?' खालून 'आहे' असं स्पष्ट उत्तर आल्याशिवाय पाय उचलू नका. उत्तर उशिरा आलं तर थांबा. उत्तर आलंच नाही तर खाली उतरा आणि त्याच्याशी बोला. सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटेल, कोणी हसेलही. पण गटातल्या सगळ्यात चांगल्या चढणाऱ्याने हे केलं की बाकीचे आपोआप करतात, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करा.

येत्या शनिवारी निघणार असाल तर शुक्रवारी संध्याकाळी अर्धा तास काढा. सोसायटीच्या गच्चीवर, मैदानात, जिथे जमेल तिथे पॅड उघडा, कमरेइतक्या उंचीवरून एकेकाने पडा आणि एकेकाने सांभाळा. ज्याला हे जमलं नाही त्याला त्या सहलीत घेऊन जरूर जा, पण कोणाच्या खाली एकट्याला उभं करू नका. हे आवाहन तुमच्या गटाला निघण्याआधी वाचून दाखवा.