बॉनेटखालचा बदल आणि कायद्याची नजर

दिल्लीतील करोलबागच्या बाजारात मोटारींचे सुटे भाग आणि सजावटीचे सामान विकणाऱ्या दुकानांची दाटी आहे. गेल्या एप्रिलमध्ये माझ्या भाच्याबरोबर मी तेथे गेलो होतो. त्याच्या चार वर्षे जुन्या, १२०० घनसेंटीमीटरच्या पेट्रोल मोटारीला त्याला ‘ताकद’ हवी होती. दुकानातील कारागिराने बॉनेट उघडले, एअर फिल्टरची बंद काळी पेटी काढून ठेवली आणि तिच्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला. वीस मिनिटांत काम संपले. ‘दहा घोडे वाढले’, असे आश्वासन मिळाले. पावती मात्र मिळाली नाही. पुढच्याच आठवड्यात ती मोटार पीयूसी केंद्रावर गेली आणि प्रमाणपत्र घेऊन परतली.

परतताना भाच्याने विचारले, ‘हे बेकायदा आहे का?’ मला ठाम उत्तर देता आले नाही. ज्या देशात मोटारींच्या धुरावर इतके न्यायालयीन आदेश निघाले, तेथे या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर नसावे, ही बाब मला त्या फिल्टरपेक्षा अधिक गंभीर वाटते.

आधी त्या दहा घोड्यांचा हिशेब पाहू. इंजिनाची ताकद ते किती पेट्रोल जाळते यावर ठरते आणि किती पेट्रोल जाळता येईल, हे आत किती हवा येते यावर. एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणून हवेच्या वाटेतील अडथळा कमी केला, तर ताकद वाढावी, हे तर्कशास्त्र चुकीचे नाही. पण कंपनीने बसवलेला स्वच्छ फिल्टर हवेला जो अडथळा करतो तो मुळातच किरकोळ असतो. तो पूर्ण नाहीसा केला तरी ऐंशी-नव्वद अश्वशक्तीच्या इंजिनात एक-दोन अश्वशक्तीचीच भर पडेल, तीही इंजिन पूर्ण वेगाने फिरत असताना. उलट बाजूही आहे. कंपनीची पेटी बाहेरची तुलनेने थंड हवा नळीवाटे आणते. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. बाहेर ४२ अंश सेल्सियस आणि बॉनेटखाली ६२ अंश असेल, तर हवेची घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते. म्हणजे मे महिन्यातील दिल्लीत कमावलेल्यापेक्षा गमावलेले अधिक. वाढतो तो आवाज. कारण ती काळी पेटी हवेबरोबर आवाजही अडवत असते. कानाला जे जाणवते त्याला चालक वेग समजतो. शिवाय फिल्टरचे मूळ काम धूळ रोखणे हे आहे आणि आपल्या रस्त्यांवर धुळीची वाण नाही. हवा अधिक मोकळेपणाने सोडणारा फिल्टर धूळही अधिक सोडत असेल, तर त्याची किंमत इंजिनाचे सिलिंडर चुकवतात.

प्रश्न इथेच थांबला असता तर त्याला हौशी तरुणांचा फसलेला सौदा म्हणून सोडून देता आले असते. पण बाजार फिल्टरपाशी थांबलेला नाही. आज खरी ताकद वाढते ती टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात, आणि ही इंजिने आपल्याकडे इतकी का वाढली, याचे एक कारण करधोरणात आहे. २००६ पासून चार मीटरच्या आतली, पेट्रोलवर १२०० आणि डिझेलवर १५०० घनसेंटीमीटरपर्यंतची मोटार ‘लहान’ मानली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोटारीवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या मोटारीवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. कर इंजिनाच्या आकारमानावर आहे, ताकदीवर नाही. साहजिकच कंपन्यांनी आकारमान तेच ठेवून आत दाबाने हवा भरण्याचा मार्ग धरला. निस्सानच्या मॅग्नाइटमध्ये ९९९ घनसेंटीमीटरचे साधे इंजिन सुमारे ७२ अश्वशक्ती देते आणि तेवढ्याच आकाराचे टर्बो इंजिन १००. कंपनीने हे करताना प्रत्येक प्रकाराची चाचणी दिली आणि मान्यता घेतली. टर्बो मोटारीचा मालक मात्र एका दुपारी संगणक जोडून इंजिनाची नियंत्रणप्रणाली बदलून घेतो, हवेचा दाब वाढवतो आणि ताकद पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक वाढवतो. त्याची चाचणी कोणी घेत नाही. डिझेल मोटारीत अनेकदा याच बैठकीत काजळी अडवणारा फिल्टरही निकामी केला जातो.

येथे प्रश्न हौसेचा राहत नाही, तो हवेचा होतो. १ एप्रिल २०२० पासून देशाने भारत स्टेज सहा मानके स्वीकारली. त्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांनी इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणले. डिझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. या साऱ्याचा खर्च ग्राहकाने मोटारीच्या आणि इंधनाच्या किमतीतून सोसला. गल्लीतल्या एका बैठकीत हा खर्च वाया जाऊ शकतो आणि आपली तपासणी यंत्रणा त्याकडे पाहतही नाही. पीयूसी केंद्रावर पेट्रोल मोटारीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासला जातो, डिझेल मोटारीच्या धुराचा काळेपणा मोजला जातो. तोही मोटार जागेवर उभी असताना. नायट्रोजन ऑक्साइड आणि सूक्ष्म कणांची संख्या मोजलीच जात नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. या पंधरा वर्षांत पीयूसीखेरीज कोणतीही नियमित तपासणी तिला द्यावी लागत नाही. भाच्याची मोटार उत्तीर्ण झाली यात नवल नव्हते. तिला मुळात तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

फोक्सवॅगनने चाचणी चुकवणारी प्रणाली मोटारींत बसवल्याचे २०१५ मध्ये उघड झाले, तेव्हा भारतातही सव्वातीन लाखांच्या आसपास मोटारी परत बोलावण्याची घोषणा झाली. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला ५०० कोटी रुपयांचा दंड सुनावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. कंपनीने प्रणाली बदलली तर तो घोटाळा होतो. हजारो मालकांनी सुटेसुटे तेच केले तर त्याला ‘ट्यूनिंग’ म्हणतात. फुप्फुसांना हा फरक कळत नाही.

मग कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हा अर्थ ठामपणे उचलून धरला आणि उच्च न्यायालयाचा सैल अर्थ फेटाळला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. पण नोंदणी प्रमाणपत्रात इंजिनाचे आकारमान, इंधन, उत्सर्जनाचे मानक लिहिलेले असते. एअर फिल्टर किंवा नियंत्रणप्रणालीचा उल्लेख नसतो. त्यामुळे एका अधिकाऱ्याच्या दृष्टीने जे निव्वळ सुट्या भागाचे बदलणे, तेच दुसऱ्याच्या दृष्टीने गुन्हा. याच कलमातील एक लाखाचा दंड मोटारींचे उत्पादक, आयातदार आणि विक्रेते यांच्यासाठी आहे. सुटा फिल्टर विकणारा दुकानदार त्यात सहजासहजी बसत नाही. परिणामी रस्त्यावर सापडतो तो कर्कश सायलेन्सर. अनेक शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात, छायाचित्रे छापून येतात. बॉनेटखालचा बदल सुखरूप राहतो. जे ऐकू येते ते पकडले जाते, जे श्वासात जाते ते सुटते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: सरसकट बंदी घाला. ते आकर्षक आहे, कारण त्यात चाचणी करावी लागत नाही. पण आपलाच अनुभव वेगळे सांगतो. इंजिनाच्या हवेच्या वाटेतील देशातील सर्वांत मोठा बदल बेकायदा नव्हताच. तो सीएनजीचा होता. जुन्या धर्तीच्या सीएनजी संचात वायू मिसळणारे उपकरण थेट हवेच्या नळीत बसवले जाते. वायू हवेची जागा व्यापतो, म्हणून ताकद सुमारे दहा टक्क्यांनी घटते. तरीही लाखो लोकांनी तो स्वीकारला, कारण प्रवास स्वस्त झाला आणि राज्यसंस्थेने वाट आखून दिली. संचाला मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र, बसवणारा अधिकृत आणि बदलाची नोंदणी प्रमाणपत्रात नोंद. ऑगस्ट २०२२ मध्ये भारत स्टेज सहाच्या मोटारींसाठीही ही वाट खुली झाली. ताकद कमी करणाऱ्या बदलासाठी जे जमले, ते ताकद वाढवणाऱ्या बदलासाठी का जमू नये?

कॅलिफोर्नियात हवेच्या वाटेतील बदलाच्या प्रत्येक संचाला तेथील वायू संसाधन मंडळाचा आदेश क्रमांक घ्यावा लागतो. उत्सर्जन वाढत नाही हे निर्मात्याने सिद्ध करायचे, क्रमांकाची चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवायची आणि धूरतपासणीच्या वेळी तो क्रमांक पाहिला जातो. सिद्धतेचा भार विकणाऱ्यावर आहे, वापरणाऱ्यावर नाही.

आपल्याकडे तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, बदलांची तीन वर्गांत स्पष्ट यादी: मूळ दर्जाचा सुटा भाग मुक्त, हवेची नळी, टर्बो आणि नियंत्रणप्रणाली यांतील बदल पुण्यातील एआरएआय किंवा मानेसरमधील आयकॅट यांसारख्या संस्थांच्या प्रमाणपत्रानंतरच, धूर शुद्ध करणारी उपकरणे काढणे पूर्णतः निषिद्ध. दुसरी, पीयूसी तपासणीत मोटारीच्या निदान-पोर्टचे वाचन. ही सोय भारत स्टेज सहाच्या मोटारीत आधीच आहे. काजळीचा फिल्टर काम करतो की नाही, चुकांच्या नोंदी नुकत्याच पुसल्या का, याचे बरेचसे उत्तर तेथे मिळू शकते. सराईत ट्यूनर त्यालाही फसवू शकेल, पण आज त्याला फसवावेही लागत नाही. तिसरी, अप्रमाणित संच विकणाऱ्यावर थेट दायित्व. कोइम्बतूर आणि चेन्नईच्या रेसट्रॅकभोवती इंजिन जाणणाऱ्या कारागिरांची एक पिढी घडली आहे. प्रमाणपत्राची वाट असेल तर त्यांचे कौशल्य उजळ माथ्याने व्यवसाय करू शकेल.

भाच्याने जून उजाडण्याआधीच जुनी पेटी पुन्हा बसवून घेतली. कायद्याच्या भीतीने नव्हे; दुपारच्या उन्हात मोटार आधीपेक्षा मंद वाटू लागली म्हणून. अपघात झाल्यास न कळवलेल्या बदलाचे कारण दाखवून विमा कंपनी दावा नाकारू शकते, हेही त्याला नंतरच कळले. त्याचा बदल निरुपद्रवी होता आणि त्याची चूक उन्हाने दाखवून दिली. ज्याने डिझेल मोटारीतील काजळीचा फिल्टर काढला आहे, त्याची मोटार मात्र उन्हाळ्यातही जोरात धावते. तिला थांबवणारा कोणी असेल तर तो कायदाच असू शकतो आणि त्यासाठी कायद्याला आधी बॉनेट उघडावे लागेल.