क्लॅव्हिकॉर्डचा आवाज वाढवूं नये

पियानो रूढ होण्यापूर्वीं जर्मनींत क्लॅव्हिकॉर्ड हें लहानसें तंतुवाद्य लोक घरीं आवडीनें वाजवीत. कळ दाबली कीं पितळेची पाती तारेस भिडते व बोट उचलीपर्यंत तिला टेकूनच राहते. म्हणून बोटाच्या किंचित् दाबानें स्वर आंदोलित करितां येतो. पियानोवर हें साधत नाहीं. मात्र नाद इतका कोमल, कीं शेजारचें बोलणेंहि त्यास झांकून टाकतें. तरीहि वादकाची पारख याच वाद्यावर उत्तम होते, असें सी. पी. ई. बाख यांनीं १७५३ सालीं लिहिलें.

हाम्बुर्गच्या हास नामक कारागिरानें १७६३ सालीं केलेलें असें एक वाद्य एडिंबरो येथील संग्रहांत आहे. अशा जुन्या वाद्यांचें ध्वनिमुद्रण करितांना मायक्रोफोन तारांजवळ ठेवावा लागतो, आणि कळांची खटखटहि त्यांत उतरते. ती उतरूं द्यावी. ती त्या वाद्याचीच आहे. खरा अपराध पुढें आपण श्रोते करितों. नीट ऐकूं येत नाहीं म्हणून आवाज वाढवितों; मग मंद्र स्वर जड होतात, खटखट हातोड्यासारखी भासते, आणि वादकाचें तें नाजूक आंदोलन त्यांत हरवतें. मित्रहो, पंखा बंद करा, खिडकी लावून घ्या, आणि आवाज आपल्या बोलण्याहून खालींच ठेवा. पहिलीं दोन मिनिटें फारसें कांहीं ऐकूं येत नाहीं असें वाटेल. नंतर कान सरावतो.