एकवीस दिवसांची नोंदवही

२० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून आलेला एक आजारी प्रवासी नायजेरियातील लागोसच्या विमानतळावर कोसळला. त्यास खासगी रुग्णालयात नेण्यात आले. इबोलाच्या रुग्णाशी आपला संबंध आलेला नाही, असे त्याने सांगितले. प्रारंभी उपचारही हिवतापाचे झाले. तेथील ज्येष्ठ डॉक्टर अमेयो अदादेवो यांना मात्र संशय आला. रुग्णाला सोडण्यासाठी दडपण आले, तरी त्या बधल्या नाहीत. तपासणीत इबोला निष्पन्न झाला. २५ जुलैला रुग्ण दगावला. पुढे डॉ. अदादेवो यांनाही त्याच रोगाची बाधा झाली आणि १९ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.

दाट वस्तीच्या त्या व्यापारी महानगरात रोग पसरता, तर अनर्थ ओढवला असता. तो टळला एका साध्या नोंदवहीमुळे. इबोलाची लक्षणे २ ते २१ दिवसांत प्रकट होतात आणि त्यापूर्वी रुग्णापासून संसर्ग होत नाही. म्हणून संपर्कात आलेल्या प्रत्येकाचे नाव लिहून घ्यावे, २१ दिवस त्याची विचारपूस करावी, ताप दिसताच त्यास वेगळे ठेवावे, ही रीत. पोलिओ निर्मूलनासाठी घडलेली यंत्रणा या कामी लागली. एकूण ८९४ व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्याकडे सुमारे १८,५०० फेऱ्या घालण्यात आल्या.

तरीही वहीतील एक नाव निसटले. देखरेखीखालील एक जण गुपचूप पोर्ट हारकोर्टला गेला आणि तेथे त्याने एका डॉक्टरकडून उपचार घेतले. तो स्वतः वाचला. डॉक्टर मात्र प्राणास मुकले. त्या शहरात शेकडो नावांची नवी यादी करावी लागली.

अखेर एकूण २० रुग्ण व ८ मृत्यूंवर साथ थांबली. शेवटच्या रुग्णानंतर ४२ दिवस, म्हणजे एकवीस दिवसांची दुप्पट मुदत, निर्धोक गेल्यावर २० ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरिया इबोलामुक्त जाहीर केला.

वहीत नाव येणे हा दोषारोप नव्हे. परंतु कलंकाच्या भयाने माणूस लपतो, आणि त्याची किंमत त्याला तपासणारे, त्याची शुश्रूषा करणारे मोजतात. परदेशचा प्रवास करून आल्यावर ताप आला, तर कोठे गेलो व कोणास भेटलो हे डॉक्टरांस विनासंकोच सांगावे. एक लपवलेली नोंद सारा हिशेब चुकवते, हे व्यापारी घरांस वेगळे सांगावयास नको.