कलचाचणीचा कौल

संगणकाच्या आज्ञावली कोण लिहू शकेल आणि कोण नाही, हे तासाभराच्या प्रश्नपत्रिकेवरून ओळखता येते, हा दावा जुना आहे. आयबीएम कंपनीने १९५५ साली अमेरिकेत अशी कलचाचणी तयार केली. अंकमाला पुऱ्या करणे, आकृत्यांतील साम्य हेरणे, अंकगणिताची उदाहरणे सोडवणे, एवढाच तिचा ऐवज. या गुणांचा प्रशिक्षणवर्गातील गुणांशी काहीसा मेळ बसतो, प्रत्यक्ष कामातील कर्तबगारीशी मात्र फारसा बसत नाही, हे पुढच्या दशकातच दिसून आले. तरीही चाचणी चालूच राहिली. उमेदवारांची रांग कमी करण्याचा तो स्वस्त उपाय होता.

या चाचणीची खरी सोय वेगळीच आहे. जो नापास होतो, त्याला काम मिळत नाही. काम मिळत नाही म्हणून तो ते करू शकला असता की नाही, हे कधीच कळत नाही. आपली चूक उघडकीस येऊ नये अशी व्यवस्था जिच्या घडणीतच आहे, तिला शास्त्र कसे म्हणावे?

१९४५ मध्ये एनिअ‍ॅक यंत्रासाठी निवडलेल्या सहा स्त्रियांपुढे शिकवणारे पुस्तकही नव्हते. यंत्राच्या आराखड्यांवरून त्या काम शिकल्या. 'प्रोग्रामरचा जन्मजात कल' हा शब्दप्रयोग त्यांच्या कानी पडला नव्हता, हे त्यांचे भाग्य!

इंग्लंडातील मिडलसेक्स विद्यापीठातील देहनादी व बोर्नाट यांनी २००६ मध्ये पुन्हा तोच दावा केला. प्रोग्रामिंगचा एकही धडा न घेतलेल्या विद्यार्थ्यांतून जमणारे व न जमणारे आधीच वेगळे काढता येतात, असे त्यांनी म्हटले. 'उंटाला दोन वशिंडे असतात' हे त्या लेखाचे नाव. २०१४ मध्ये बोर्नाट यांनी तो दावा जाहीरपणे मागे घेतला. त्यांचा प्रामाणिकपणा मान्य. पण उंट जेवढा फिरला तेवढी माघार फिरली नाही.

आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांत भरतीसाठी येणाऱ्या अनेक कंपन्या पहिली चाळणी अशाच चाचणीची लावतात. तिच्या तयारीचे शिकवणीवर्गही निघाले आहेत. म्हणजे जो कल उपजत म्हणून मोजायचा, तो शुल्क भरून मिळतो. ते शुल्क ज्या शेतमजुराच्या मुलीला परवडत नाही, तिच्या माथी 'कल नाही' हा शिक्का बसतो, आणि तोही गुणवत्तेच्या नावाने.

मागणी साधी आहे. नापास ठरवलेल्यांपैकी काही जणांना चिठ्ठ्या टाकून निवडावे, पास झालेल्यांच्या बरोबरीने सहा महिने वेतनावर काम द्यावे आणि दोघांच्या कामाचा हिशेब कामगार संघटनांसमोर मांडावा. कंपन्यांचा आपल्या चाचणीवर विश्वास असेल, तर त्यांनी याला नकार देण्याचे कारण नाही.