रझाकार कोण, हे ठरवणार कोण?

परवा आमच्या गावच्या ग्रुपवर एका पोराने रस्त्यातल्या खड्ड्याचा फोटो टाकला. त्याचं आडनाव बघून एका काकांनी लगेच लिहिलं, "रझाकाराच्या औलादींनी आम्हाला शिकवू नये." त्यावर धडाधड अंगठे. पोराचा जन्म २००१चा!

मी मराठवाड्याचा आहे. माझ्या आजीने रझाकारांच्या भीतीने दागिने उकिरड्यात पुरले होते. तो काळ मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण हा शब्द असा भिरकावणाऱ्यांनी एकदा बांगलादेशाकडे बघावं.

तिथले रझाकार वेगळे. आपल्याकडचे कासीम रझवीचे, १९४८च्या पोलीस ॲक्शननंतर संपले. तिथले १९७१चे. मे महिन्यात जमात-ए-इस्लामीच्या ए. के. एम. युसूफने खुलन्यात पहिली तुकडी उभी केली. मग गव्हर्नर टिक्का खानने वटहुकूम काढला, जुनं अन्सार दल बरखास्त केलं आणि रझाकारांना सरकारी शिक्का दिला. पश्चिमेकडून आलेल्या फौजेला ना बंगाली येत होतं, ना नदीनाल्यांच्या वाटा माहीत होत्या. पूल राखायला, नाक्यावर उभं राहायला माणसं हवी होती. आणि कुणाचा मुलगा मुक्तिवाहिनीत गेला, हिंदूंची घरं कुठली, हे बोट दाखवून सांगायला तर गावातलाच माणूस लागतो. ते काम यांनी केलं. लुटालूट, बलात्कार, खून, सगळ्यात हात होता. त्यांच्याच जोडीच्या अल-बद्रने १४ डिसेंबरच्या आसपास ढाक्यातले प्राध्यापक, पत्रकार, डॉक्टर घरातून उचलून मारले. दोन दिवसांनी पाकिस्तानी फौज शरण आली.

याला माफी नाही. २०१०मध्ये न्यायाधिकरण बसलं, पुढे फाशीही झाल्या. खटले नीट चालले का, यावर वाद आहेत, ते असोत. पण प्रत्येक रझाकार एकसारखा नव्हता, हेही खरं. कुणी धर्मवेडा, कुणी पगार-शिध्यासाठी आलेला, कुणी भाऊबंदकीचा सूड उगवायला, कुणी जीव वाचवायला. काही तर सरकारी बंदुकीसकट मुक्तिवाहिनीला जाऊन मिळाले!

आता गंमत बघा. (गंमत कसली म्हणा.) डिसेंबर २०१९मध्ये तिथल्या सरकारने १०,७८९ रझाकारांची यादी जाहीर केली. त्यात कुणाचं नाव निघावं? गुलाम आरिफ टिपू यांचं! भाषा आंदोलनातला माणूस, आणि रझाकारांवर खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा मुख्य सरकारी वकील. यादीत आणखीही स्वातंत्र्यसैनिक सापडले. काही दिवसांतच यादी मागे घ्यावी लागली. सरकारदरबारी कागद असून ही तऱ्हा, आणि आमचे काका आडनावावरून ओळखतात.

पुढे १४ जुलै २०२४. स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांच्या ३० टक्के कोट्याविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर होते. शेख हसीना म्हणाल्या, स्वातंत्र्यसैनिकांच्या नातवंडांना नाही तर काय रझाकारांच्या नातवंडांना द्यायचं? त्याच रात्री ढाका विद्यापीठात पोरं-पोरी घोषणा देत बाहेर पडली: तू कोण, मी कोण? रझाकार, रझाकार! ज्या शब्दाने पन्नास वर्षं तिथे माणसाची मान खाली जायची, तो पोरांनी चिडून स्वतःलाच लावून घेतला. मग गोळीबार झाला, शेकडो मेले. ५ ऑगस्टला बाईंना देश सोडावा लागला. नोकरी मागणाऱ्याला गद्दार म्हटलं की खऱ्या गद्दाराचा हिशेबही बुडतो. त्यात नुकसान कुणाचं झालं? १९७१मध्ये ज्यांच्या घरातली माणसं नेली, त्यांचंच.

आणि काका, शोएबुल्ला खान हे नाव ऐकलंय? हैदराबादच्या 'इमरोज'चा संपादक. संस्थान भारतात विलीन व्हावं असं लिहायचा, म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये त्याला मारलं. रझाकारांनीच. आडनावावरून तुम्ही त्याला कुठल्या यादीत घातलं असतं?

ॲडमिनसाहेब, तो मेसेज अजून ग्रुपवर आहे. पोराचा फोटो मात्र उडवलाय. मी तो सेव्ह केला होता, खाली टाकतोय. खड्डा बसस्टँडच्या वळणावर आहे, संध्याकाळी गाडी हळू घ्या.